मेलबर्न ते ॲडलेड, समुद्राच्या कडेकडेनं

मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

मेलबर्नला नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीची, म्हणजे मेलबर्न कपची सरकारी सुट्टी असते. त्याला जोडून मुलाने रजा टाकली आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं ॲडलेडपर्यंत जायचं ठरलं. सरळ हायवेनं ॲडलेड सव्वासातशे किलोमीटर, सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोचतो, पण आम्हाला घाई नव्हती. मुलगा, सून, नात, आमची ही आणि मी. दिवाळीचा उरलेला चिवडा, चकल्या, थर्मासमध्ये चहा आणि हिने आग्रहाने घेतलेला छोटा कुकर, कारण मोटेलात किचन असतं आणि रात्री तिला मुगाची खिचडी लागतेच.

मी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून रिटायर झालो, नोकरी सगळी कृष्णा खोऱ्यात, घर सांगलीला. इथे आम्ही दोघं पालकांना मिळतो त्या तात्पुरत्या व्हिसावर राहतो. पाच वर्षांच्या व्हिसाची फी माणशी दहा-बारा हजार डॉलर, नोकरी करायची नाही, सरकारी आरोग्यसेवा म्हणजे मेडिकेअर नाही, विमा आपला आपण काढायचा आणि काही झालं तरी एकूण दहा वर्षांच्या वर राहायचं नाही. कायमच्या व्हिसाची साधी रांग सरकारच्याच वेबसाइटवर तीस वर्षांच्या वर दाखवतात. जास्त पैसे भरायची दुसरी रांग आहे, तिथे माणशी अठ्ठेचाळीस हजार डॉलरच्या आसपास भरावे लागतात आणि तरीही चौदा-पंधरा वर्षं थांबावं लागतं. साठी उलटलेल्या माणसाला तीस वर्षं थांबा म्हणायचं म्हणजे काय ते सांगायला नको. २०२३ साली सरकारनेच नेमलेल्या समितीने मिळण्याची शक्यता नसलेल्या व्हिसाचे अर्ज घेत राहणं क्रूर आणि अनावश्यक आहे असं स्वच्छ लिहिलं, पण रांग काही हललेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या प्रवासात जिथे जिथे थांबलो तिथे माझं लक्ष त्याच गोष्टीकडे जात राहिलं, या देशात कोण आलं, कोणाला येऊ दिलं आणि कोणाला राहू दिलं.

जिलाँग ओलांडून टॉर्कीला आलो की ग्रेट ओशन रोड सुरू होतो, तिथून ॲलन्सफर्डपर्यंत २४३ किलोमीटर. डावीकडे समुद्र आणि उजवीकडे डोंगर, मध्ये दोन लेन. लोक फोटो काढायला थांबतात, मी डोंगर कापून रस्ता कसा काढलाय ते बघायला थांबत होतो. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी हा रस्ता १९१९ ते १९३२ अशी तेरा वर्षं राबून केला, बहुतेक सगळा पहार, कुदळ, फावडं आणि सुरुंग यांवर, तंबूत राहून. जे मेले त्यांचं स्मारक म्हणून जे वाचले त्यांनी बांधलेला रस्ता. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान आहे, शेजारी कुदळवाल्या दोघांचा पुतळा आहे, तिथे मी बराच वेळ उभा होतो. युद्धावरून आलेल्या हजारो तरुणांना काम काय द्यायचं हा त्या वेळचा मोठा प्रश्न होता आणि त्यातून असं काहीतरी उभं राहिलं जे शंभर वर्षांनी अख्ख्या किनाऱ्याचं पोट भरतंय. दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमीवर किती तलाव, किती रस्ते झाले, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका मी लहानपणी पाहिल्यात, त्यांच्या नावाची एखादी कमान कुठे असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

लॉर्नला चहा, केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडावर झोपलेले कोआला, नात खूष. रात्री अपोलो बेला मुक्काम, वारा इतका की खिडक्या रात्रभर वाजत होत्या.

बुधवार, २९ ऑक्टोबर

समुद्रात उभे असलेले बारा प्रेषितांचे सुळके (ट्वेल्व्ह अपॉस्टल्स) बघितले. बारा कधीच नव्हते, नऊ होते, त्यातला पन्नास मीटरचा एक २००५ च्या जुलैत कोसळला, आता आठ आहेत. चुनखडी आहे, समुद्र खालून वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खातोय, एक दिवस हेही जाणार आणि मागच्या कड्यातून नवे सुटणार. लंडन ब्रिज नावाची कमान तर १९९० च्या जानेवारीत दोन पर्यटक पलीकडे असतानाच पडली, त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. सुंदर आहे सगळं, गर्दीही तशीच, त्यावर जास्त लिहीत नाही.

मला जास्त लागलं ते लॉक आर्ड गॉर्जला. १८७८ च्या १ जूनला इंग्लंडहून मेलबर्नला निघालेलं लॉक आर्ड जहाज इथे पहाटे खडकावर आपटलं. ५४ माणसं होती, ५२ गेली. वाचले ते टॉम पीअर्स नावाचा जहाजावरचा पोरगा आणि ईव्हा कारमायकल ही आयर्लंडची मुलगी, दोघंही विशीच्या आतली. टॉमने परत पाण्यात जाऊन तिला ओढून आणलं, गुहेत ठेवलं आणि कडा चढून मदत शोधायला गेला. ईव्हाचं अख्खं कुटुंब नवीन देशात घर करायला निघालेलं, आईवडील आणि भावंडं तिच्या डोळ्यांदेखत गेली, ती पुढे आयर्लंडला परत गेली. वर कड्यावर थडगी आहेत. आमच्या हिने चप्पल काढून हात जोडले.

पुढे वॉरनंबूलला म्युझियममध्ये त्याच जहाजावरचा चिनी मातीचा मोर ठेवलाय, चांगला जवळजवळ दीड मीटर उंच, मेलबर्नच्या १८८० च्या प्रदर्शनासाठी चालवलेला. खोक्यात बसवलेला होता म्हणून लाटांनी तो सुखरूप किनाऱ्याला लावला. मोर वाचला आणि ५२ माणसं नाही वाचली, मला काही त्या मोराचं कौतुक करवेना.

संध्याकाळी पोर्ट फेअरी. शांत गाव. हवा इतकी स्वच्छ की हिचा खोकला थांबला.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

या दिवसासाठी मी आधीपासून अडून बसलो होतो. हेवूडजवळ बज बिम म्हणून जागा आहे, २०१९ साली युनेस्कोच्या यादीत आली, निव्वळ आदिवासी संस्कृतीच्या महत्त्वावर जागतिक वारसा ठरलेली ऑस्ट्रेलियातली ही पहिली. तिथे आहे काय तर पाटबंधारे. होय, पाटबंधारेच. सुमारे ३७ हजार वर्षांपूर्वी बज बिम ज्वालामुखी फुटला, लाव्हा समुद्राच्या दिशेने वाहत गेला, त्या काळ्या दगडाच्या राठ रानात गुंडिटजमारा लोकांनी किमान ६,६०० वर्षांपूर्वी चर खोदले, दगडी बांध घातले, तळी केली आणि ईल मासा अडवून, वाढवून, हवा तेव्हा काढायची व्यवस्था उभी केली. ईल म्हणजे आपल्या वामसारखा लांबडा. तो मोठा झाला की समुद्रात उतरतो, पार उत्तरेला कोरल सीमध्ये जाऊन अंडी घालतो आणि पिल्लं परत याच ओढ्यांत येतात. येताना त्यांना आत घ्यायचं, वाढू द्यायचं आणि जाताना विणलेल्या लांब टोपल्या लावून हवे तेवढेच धरायचे.

टे रॅक तलावाच्या काठाला त्यांचं स्वतःचं केंद्र आहे, तिथल्या माणसाबरोबर आम्ही फिरलो. दगड आपल्या सह्याद्रीचाच, काळा बसाल्ट, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा त्यामानाने काल परवाचा. चर बघताना मला पहिल्यांदा तळाचा उतार दिसला. ओघळ कुठे अरुंद केलाय, पाणी चढलं की जादाचं कुठून निघून जाईल, बांधात टोपली बसवायला फट कुठे ठेवलीय, सगळं विचार करून. लेव्हल मशीन नाही, नकाशा नाही, पावसाळ्यात पाणी कसं चढतं ते पिढ्यानपिढ्या बघून केलेलं काम आहे. मोहेंजोदडोच्याही दोन हजार वर्षं आधीचं. मी त्या गाइडला सांगितलं की मी तुमच्याच व्यवसायातला आहे, तर तो हसला आणि त्याने मला एका बांधाच्या टोकाशी नेऊन जिथे पाणी वळतं ती जागा दाखवली.

आणि मग त्याने सांगितलं ते ऐकून वाईट वाटलं. गोऱ्यांच्या राजवटीत हा तलाव शेतीला जमीन हवी म्हणून चर खणून कोरडा केला, १८८० च्या दशकात एकदा आणि १९५० च्या दशकात परत. हजारो वर्षं चाललेली सिस्टिम आमच्यासारख्याच कोणा इंजिनिअरने कागदावर रेघ मारून मोडली. २००७ ला कोर्टाकडून जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य झाला आणि २०१० ला त्यांनी स्वतः बंधारा घालून तलाव परत भरला. २०१९-२० च्या वणव्यात गवत जळाल्यावर आणखी चर उघडे पडले, म्हणजे किती आहे ते अजून सगळं मोजलेलंही नाही. मी कोयनेच्या धरणग्रस्तांच्या फायली पाहिलेला माणूस आहे. १९६० च्या दशकात ज्यांनी गाव सोडलं त्यांची नातवंडं अजून जमिनीसाठी उपोषणाला बसतात. पाणी कुठे अडवायचं हे आपण फार हुशारीने ठरवतो, पण त्या जागी आधी कोण राहतं हे विचारायला आपल्याला कुठल्याच देशात जमलेलं नाही.

२०२३ च्या १४ ऑक्टोबरला इथे सार्वमत झालं, आदिवासींचं म्हणणं संसदेपुढे मांडायला घटनेत एक सल्लागार मंडळ असावं का म्हणून. साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं, सहाच्या सहा राज्यांत. मुलगा नागरिक आहे, त्याने हो म्हणून मत दिलं होतं. मला मत नाही पण असतं तर मीही तेच दिलं असतं, आणि बज बिम बघितल्यावर तर दोनदा दिलं असतं.

साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात शिरताना फळं नेता येत नाहीत, फळमाशी येऊ नये म्हणून, त्यामुळे हद्दीच्या आधी गाडीतली केळी, संत्री सगळ्यांनी मिळून संपवली. घड्याळ अर्धा तास मागे. मुक्काम माउंट गँबिअर.

रात्री महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल होती, भारत-ऑस्ट्रेलिया, आणि ती आपल्या नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला. इथे रात्री आठला सुरू झाली. ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या तेव्हा मुलगा म्हणाला बाबा झोपा आता. मी झोपलो पण तीनला आपोआप जाग आली, फोन लावला, जेमिमा खेळत होती. ही पण उठली. सून उठली. आवाज बंद करून आम्ही मोबाइलच्या भोवती बसलो होतो आणि चारच्या जरा आधी जिंकलो, जेमिमा नाबाद १२७, बायकांच्या वन-डेत एवढा स्कोअर आजवर कोणी चेस केला नव्हता. सामना संपल्यावर ती मैदानात रडली तेव्हा आमच्या हिच्याही डोळ्यांत पाणी. भांडुपची पोरगी! सकाळी मोटेलच्या मालकाने स्वतः येऊन अभिनंदन केलं, मनापासून केलं, ते मला फार आवडलं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

ब्लू लेक म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडात भरलेला तलाव, गावाचं पिण्याचं पाणी तिथूनच. हिवाळ्यात करडा असतो आणि नोव्हेंबरच्या सुमाराला झपाट्याने निळा होतो. आम्ही गेलो तेव्हा बदल सुरू झाला होता, कडेला निळा आणि ढगाखाली अजून पोलादी. एक फेरी मारून निघालो कारण मला रोबला लवकर पोचायचं होतं.

रोब हे समुद्रकाठचं छोटं गाव, सुट्टीला येणाऱ्यांचं, कॅफे, दगडी जुनी घरं. बंदरावर चिनी लोकांचं स्मारक आहे. गोष्ट अशी. १८५१ ला व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, सोनं सापडलं, जगभरातून लोक आले, चीनच्या ग्वांगडाँगमधूनही. चिन्यांची संख्या वाढली तशी व्हिक्टोरियाने १८५५ ला कायदा केला, मेलबर्नला उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर, आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी. दहा पौंड म्हणजे बहुतेकांनी कर्ज काढून भरलेल्या तिकिटाएवढी रक्कम. मग जहाजवाल्यांनी काय केलं तर त्यांना शेजारच्या राज्यात, या रोबला उतरवायला सुरुवात केली, कारण इथे कर नव्हता. १८५७ पासूनच्या काही वर्षांत सोळा हजारांच्या वर माणसं या एवढ्याशा गावात उतरली. आणि इथून चालत, खांद्यावर कावड घेऊन, एकामागे एक रांगेने, चारशे किलोमीटरच्या वर, बॅलरॅट आणि बेंडिगोच्या खाणींपर्यंत. वाटाडे पैसे घेऊन मध्येच सोडून जायचे. किती वाटेत गेले त्याची गणती नाही. गावाची भरभराट झाली, पण १८५७ लाच साउथ ऑस्ट्रेलियानेही कर लावला.

पंढरीची वारी आळंदीहून अडीचशे किलोमीटर, आणि तिथे गावोगावी भाकरी घेऊन लोक उभे असतात. या लोकांना वाटेत काय मिळालं असेल?

२०१७ साली त्यांच्या वंशजांनी आणि इतर चिनी ऑस्ट्रेलियन लोकांनी रोबहून मेलबर्नच्या संसदेपर्यंत तीच वाट चालून काढली आणि व्हिक्टोरियाचे मुख्यमंत्री डॅनियल अँड्र्यूज यांनी त्या कराबद्दल जाहीर माफी मागितली. एकशे साठ वर्षांनी का होईना, मागितली हे महत्त्वाचं. मध्ये काय काय झालं ते आहेच, १९०१ चा स्थलांतराचा कायदा, ज्यात अधिकारी कुठल्याही युरोपियन भाषेत पन्नास शब्द लिहायला सांगायचा आणि नको असलेल्या माणसाला नापास करायचा, तो कारभार पुसट होत होत शेवटी १९७३ ला पुरता संपला. आज माझा मुलगा इथे आहे तो त्या बदलामुळे.

जेट्टीवर लॉबस्टरच्या बोटी होत्या, एका म्हाताऱ्या कोळ्याशी मुलाने गप्पा काढल्या. २०२० ला ऑस्ट्रेलियाने कोविडच्या उगमाची चौकशी व्हावी म्हटलं आणि चीन चिडला, वाइन, बार्ली, लॉबस्टर सगळं बंद केलं. लॉबस्टरची नव्वद टक्क्यांहून जास्त निर्यात चीनलाच व्हायची. २०२४ च्या शेवटी बंदी उठली. तो म्हणाला ती चार वर्षं कशी काढली आमचं आम्हाला माहीत. ज्या धक्क्यावर चिनी माणूस उतरू नये म्हणून कर लावला, त्याच धक्क्यावरची बोट आज चिनी गिऱ्हाइकाशिवाय चालत नाही. मला यात कोणाची फजिती दिसत नाही, मला माणसांची एकमेकांना असलेली गरज दिसते, आणि तिच्यावर कर बसवून ती जात नाही हे दिसतं.

आता ऑगस्टचं सांगतो. ३१ ऑगस्टला मेलबर्न, सिडनी, ॲडलेड सगळीकडे स्थलांतरितांच्या विरोधात मोर्चे निघाले आणि त्यांच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं की शंभर वर्षांत जेवढे ग्रीक आणि इटालियन आले त्याहून जास्त भारतीय पाच वर्षांत आले. सरकारने निषेध केला, मोर्च्याविरुद्ध मोर्चेही निघाले. त्या रविवारी मुलाने आम्हाला शहरात जाऊ दिलं नाही. भारतात जन्मलेले नऊ लाखांच्या वर लोक २०२४ ला इथे होते, इंग्लंडवाल्यांच्या खालोखाल. घरं महाग झालीत, भाडी परवडत नाहीत, दवाखान्यात रांगा आहेत हे सगळं खरं आहे आणि त्रास होणाऱ्या माणसाचं दुःख मी खोटं म्हणणार नाही. पण त्या दवाखान्यात नर्स कोण आहे, वृद्धाश्रमात रात्रपाळीला आजीला कूस बदलून देणारं कोण आहे? नेपाळी, केरळी, पंजाबी, फिलिपिनो पोरी. नात शाळेतून येऊन विचारते आजोबा आपण इथले आहोत ना, तेव्हा मी तिला म्हणतो तू इथली आहेस, तुझा जन्म इथला आहे, आणि ते कोणाला विचारायची गरज नाही. तिला रोबच्या त्या स्मारकाची गोष्ट मी पूर्ण सांगितली. आठ वर्षांची आहे, समजलं तिला.

शनिवार, १ नोव्हेंबर

किंग्स्टनला रस्त्याकडेला सतरा मीटरचा लॉबस्टरचा पुतळा, फोटो झाले. पुढे कुरोंग. समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये वाळूची लांबच लांब पट्टी आणि तिच्या आत सव्वाशे किलोमीटरच्या वर पसरलेलं खारं पाणी, पेलिकन, बदकं, नाना तऱ्हेचे पक्षी. दक्षिणेच्या बाजूचं पाणी समुद्राहूनही खारट झालंय कारण नदीतून येणारं गोडं पाणी कमी पडतं. वेलिंग्टनला केबलवर चालणाऱ्या फेरीतून गाडीसकट मरे नदी ओलांडली, चोवीस तास चालते आणि फुकट.

गुलवाला बॅरेज बघितलं, १९४० ला पूर्ण झालेल्या पाच बंधाऱ्यांपैकी एक. धरण पाणी साठवायला असतं, हे बंधारे समुद्राचं पाणी आत घुसू नये म्हणून आहेत. आणि पलीकडे मरेचं मुख. अडीच हजार किलोमीटर वाहत आलेली नदी, चार राज्यांचा पाणलोट, आणि मुखाशी वाळू काढायला ड्रेजर लावावे लागतात, २००२ पासून मधली काही वर्षं सोडली तर सततच. १९८१ ला मुख पहिल्यांदा पूर्ण बुजलं होतं. कारण साधं आहे, वर कापूस, भात, बदाम, द्राक्षं, सगळ्यांनी घेऊन झाल्यावर खाली उरतं ते नदीचं.

आमच्याकडे कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला टेलचा शेतकरी म्हणतात. हेडवाल्याचा ऊस उभा असतो आणि टेलच्या माणसाची ज्वारी वाळते, पाळी लिहिलेली असते पण पाणी पोचत नाही, म्हणून खात्याने टेल टू हेड सिंचनाचा नियम केला, आधी शेवटच्याला द्या आणि मग वर या. कागदावर आहे तसा पाळला तर फार चांगला नियम. इथे मरे खोऱ्याच्या पाणीवाटपाच्या २०१२ च्या योजनेत, म्हणजे बेसिन प्लॅनमध्ये, सरकारने नदीलाच वाटेकरी केलं. २,७५० गिगालिटर पाणी शेतीकडून परत घेऊन नदीला द्यायचं ठरलं. मी तिथेच हिशोब केला, साधारण ९७ टीएमसी (अब्ज घनफूट) होतात, आपलं कोयना १०५ टीएमसीचं, म्हणजे जवळजवळ एक अख्खी कोयना नदीला परत. केंद्र सरकार पैसे मोजून शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घेतं. त्याला विरोधही आहे, पाणी विकलं की शेत पडीक, मग शाळा बंद, दुकान बंद, गाव ओस. ही बाजूही खोटी नाही.

बच्छावत लवादाने कृष्णेचं पाणी वाटलं तेव्हा महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० टीएमसी अशी वाटणी केली, तिन्ही राज्यांचे नामांकित वकील, आकडे, वर्षानुवर्षं सुनावण्या. नदीचा स्वतःचा वाटा म्हणून भांडणारं त्या वेळी कोणी नव्हतं. आता खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायची कर्नाटकाची तयारी चाललीय आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी कुठवर आलं होतं ते मी माझ्या घराच्या भिंतीवर खूण करून ठेवलंय. पुराचं नेमकं कारण काय यावर तज्ज्ञ भांडतात, पण पाणी सोडण्याचे आकडे दोन्ही राज्यांच्या लोकांना दर तासाला उघड दिसले पाहिजेत असं मला वाटतं. इथे मरेच्या कुठल्याही बंधाऱ्याचा विसर्ग मी घरबसल्या मोबाइलवर बघतो.

आणि हो, पालकांच्या व्हिसाच्या रांगेत आम्ही टेललाच आहोत. आधी कामाचे, मग शिकणारे, मग नवराबायको, मग लेकरं, आणि उरलंच तर आईबाप, वर्षाला साडेआठ हजार. नातीला सांभाळणारी आजी कुठल्याच हिशोबात कौशल्य धरली जात नाही.

रात्री व्हिक्टर हार्बर.

रविवार, २ नोव्हेंबर

सकाळी किनाऱ्यावर गेलो तर पाण्यात कोणी नव्हतं. यंदा मार्चमध्ये याच फ्ल्यूरिउ द्वीपकल्पाच्या वेटपिंगा आणि पार्सन्स किनाऱ्यावर सर्फिंग करणाऱ्यांचे डोळे चुरचुरले, खोकला सुरू झाला, मग मेलेले मासे यायला लागले. कॅरेनिया नावाचं विषारी शेवाळ. समुद्राचं तापमान नेहमीपेक्षा अडीच अंशांनी चढलेलं, २०२२-२३ च्या मरेच्या पुरात वाहून आलेली खतं-गाळ, खालून वर आलेलं पोषक पाणी, अशी कारणं देतात. तिथून ते ॲडलेडच्या किनाऱ्यापर्यंत पसरलं, कुरोंगमध्येही शिरलं. शार्क, रे, खेकडे, शिंपले, किती मेले त्याला सुमार नाही. जुलैत मदत जाहीर झाली पण केंद्राने नैसर्गिक आपत्ती मात्र म्हटलं नाही, कारण व्याख्येत पूर, आग, वादळ बसतं, हे बसत नाही. वाळूवर मेलेला एक रे मासा पडलेला होता, नातीने हात लावू नये म्हणून सून तिला घेऊन मागे गेली. व्याख्या बदलायला हवी, समुद्र तापणं आता कधीतरी होणारी गोष्ट राहिलेली नाही.

दुपारी ॲडलेड. मुलाला ओव्हलचं क्रिकेट मैदान बघायचं होतं, मला लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवरची मशीद. १८८८-८९ ला बांधलेली, ऑस्ट्रेलियाच्या शहरांत टिकून असलेली सगळ्यात जुनी, मिनार नंतरचे १९०३ चे. बांधली कोणी तर उंटवाल्यांनी. इथे त्यांना सरसकट अफगाण म्हणायचे, पण त्यात बलुची, सिंधी, पंजाबी, पेशावरी असे त्या वेळच्या हिंदुस्थानातलेही खूप होते. मधल्या वाळवंटात बैल-घोडे टिकत नव्हते तेव्हा तारेचे खांब, पाणी, पीठ, लोकर सगळं यांच्या उंटांनी वाहिलं. करारावर आलेले एकटे पुरुष, बायकामुलं मागे राहिलेली. १९०३ च्या कायद्याने आशियातल्या माणसाला नागरिकत्वाचा अर्जच करता येईना. मग मोटार-ट्रक आले, उंट नकोसे झाले, १९२५ ला साउथ ऑस्ट्रेलियाने मोकाट उंट मारायची परवानगी देणारा कायदा केला. कित्येकांनी आपली जनावरं वाळवंटात मोकळी सोडून दिली. आणि जे म्हातारे झाले, ज्यांना ना परत जायला पैसा होता ना इथे घर, ते या मशिदीच्या आवारातल्या खोल्यांत येऊन राहिले. एकमेकांचं बघत, एकमेकांना पुरत.

आमची ही आवारात बसली आणि म्हणाली, यांना निदान एकमेकांची भाषा तरी होती. आमच्या भागात बुधवारी पार्कात मराठी, गुजराती, पंजाबी म्हातारी माणसं जमतात, कोणाला गाडी चालवता येत नाही, पोरं कामाला, दिवसभर घर. त्या पार्काच्या शेडमध्ये चहा होतो, बीपीच्या गोळ्यांच्या किमती बोलल्या जातात, कोणाचा व्हिसा कधी संपतो ते बोललं जातं. तिथले एक गृहस्थ गेल्या वर्षी वारले, दहा वर्षं पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी होते. अग्नी इथेच दिला, अस्थी मुलाने नाशिकला नेल्या. मला इथे कायमचं राहायचंच आहे असं नाही, सांगलीचं घर आहे, माणसं आहेत. पण मुलाला त्याच्या आईजवळ राहता यावं की नाही हे तिच्या वयावरून आणि बँकेच्या शिलकीवरून ठरू नये, एवढं मी ठासून म्हणेन. ज्या देशाने आपल्या पोराची तरुण वर्षं घेतली त्याने पोराच्या आईबापाचा विचार उपकार म्हणून करू नये.

रात्री फायनल, साउथ आफ्रिकेशी. पावसाने उशीर झाला, पहाटे पाचला जिंकलो. या वेळी नातीलाही उठवलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

परतीचा दिवस, सगळे अर्धवट झोपेत, सूनच चालवत होती. बॉर्डरटाउन, हॉर्शम, मैलोन्‌मैल गहू आणि पिवळी कनोला. मी एवढंच सांगितलं होतं की अरारातला थांबायचं. रोबहून चालत निघालेल्यांपैकी एका तांड्याला १८५७ मध्ये इथेच, बॅलरॅटच्या अलीकडे, पाण्यासाठी थांबले असताना सोनं सापडलं आणि त्यातून हे गाव वसलं. चिनी माणसांनी वसवलेलं ऑस्ट्रेलियातलं एकमेव शहर म्हणून ते स्वतःची ओळख सांगतात, हायवेलाच गम सान नावाचं लाल छपराचं चिनी धाटणीचं म्युझियम आहे. पाय मोकळे केले, उरलेला चिवडा संपवला. नातीने मला विचारलं, त्यांनी दहा पौंड वाचवले का मग? मुलगा म्हणाला वाचवले पण चारशे किलोमीटर चालले. ती म्हणाली मग त्यांचे पैसे सरकारने परत द्यायला पाहिजेत. आम्ही बॅलरॅटला पेट्रोल भरलं आणि अंधार पडायच्या आत घरी पोचलो. पुढच्या महिन्यात माझ्या व्हिसासाठी मेडिकल आहे, त्याचे कागद काढून ठेवलेत.